फसायचंच असेल तर स्कॉट्समध्ये फसा

तुम्ही फसणार हे तर ठरलेलंच आहे, आज नाही तर उद्या कुणीतरी ओटीपी मागणार, कुणीतरी "सर, दोनच प्लॉट राहिलेत" म्हणणार आणि तुम्ही खिशात हात घालणार. मग निदान शब्द तरी भारी वापरा ना राव. तेच ते गंडवलं, टोपी घातली, चुना लावला किती दिवस चालवायचं? माझं ऐका, स्कॉटलंडची स्कॉट्स भाषा शिका. पैसे परत मिळणार नाहीत, पण रडगाणं तरी इम्पोर्टेड वाटेल.

पहिला धडा बिगंक. बिगंक म्हणजे फसवणूक, आणि त्यानंतर तोंड एवढंएवढंसं होतं ना, तो हिरमोड म्हणजे पण बिगंकच. आपल्याकडे आधी फसा मग हिरमुसा, डबल काम. तिकडे एकाच शब्दात दोन्ही उरकतं, शिवाय लग्नाचं वचन देऊन कुणी ऐनवेळी पाठ फिरवली तरी हाच शब्द चालतो, वेगळा खर्च नाही.

आणि हे शब्द टवाळांनी कट्ट्यावर बसून जमवलेत असं समजू नका. जॉन जेमिसन नावाचे एक धर्मोपदेशक होते, त्यांनी 1808 साली एडिनबर्गला स्कॉट्सचा दोन खंडी कोश छापला. आधी त्यांनाही वाटायचं की ही आपली गावठी इंग्रजी, मग थोर्केलिन नावाच्या आइसलँडच्या पंडिताने समजावलं की बाबा ही स्वतंत्र भाषा आहे. सरकारला पटायला जरा वेळ लागला, अधिकृत दर्जाचा कायदा झाला 2025 मध्ये. (असो, आपण अभिजात दर्जासाठी 2024 पर्यंत थांबलोच की.)

आता फसवायचं कसं ते पण शिकून घ्या, कधीतरी लागेल. ग्लेक्स म्हणजे कवडसा. शाळेत डब्याचं स्टीलचं झाकण उन्हात धरून पुढच्या बाकावरच्याच्या डोळ्यांवर मारायचात तोच, तो बिचारा डोळे चोळतोय तोवर त्याच्या डब्यातली चकली गायब. स्कॉट्समध्ये कुणाच्या डोळ्यांवर ग्लेक्स टाकणं म्हणजे त्याला फसवणं. स्कीमच्या चकचकीत ब्रोशरला याहून चांगला शब्द मला तरी सापडला नाही.

थोडे सीनियर झालात की स्नेक-ड्रॉअर व्हा. स्नेक म्हणजे साप नाही हां, दाराची कडी. आवाज न करता कडी सरकवून कधी आत आला ते घरच्यांनाही कळत नाही असा गोडबोल्या लबाड म्हणजे स्नेक-ड्रॉअर. रॉबर्ट बर्न्सने एका कवितेत खुद्द सैतानाला ही पदवी दिलीय, तेव्हा स्पर्धा तगडी आहे, तयारी करून उतरा.

पण तुमचं आमचं नशीब गाउकचं. गाउक म्हणजे कक्कू पक्षी, आणि गाउक म्हणजे मूर्ख. जो पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडं टाकून अख्ख्या जगाला उल्लू बनवतो त्यालाच यांनी मूर्ख ठरवलं, पण आपण तरी काय बोलणार, आपल्याकडे पण फसला की पोपटच होतो. 1 एप्रिलला तिकडे गाउकची शिकार असायची. एखाद्या भोळ्याच्या हातात बंद चिठ्ठी देऊन पाठवायचं, आत लिहिलेलं असायचं की हसू नको, गाउकला अजून एक मैल पळव. वाचणारा गंभीर चेहऱ्याने म्हणणार, अरे हे माझं काम नाही, पलीकडच्या गावात जा. की निघाला बिचारा चिठ्ठी घेऊन.

तुम्हाला ही प्रथा जुनी वाटत असेल तर एका दाखल्यासाठी अर्ज करून बघा. मला एका ऑफिसात सांगितलं, मार्च एंडिंग होऊ दे मग या. गेलो 1 एप्रिलला. खिडकीवरच्या मॅडमनी अर्ज उलटसुलट बघून वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्या साहेबांनी कोपऱ्यात काहीतरी खरडून खाली, खालच्या भाऊंनी ते खरडलेलं वाचलं आणि मागच्या बिल्डिंगमध्ये. एकही माणूस हसला नाही, हे मी मुद्दाम बघून ठेवलं. शेवटी म्हणाले, उद्या या.

2 एप्रिलला स्कॉटलंडमध्ये शेपटीचा दिवस असायचा, नकळत लोकांच्या पाठीला कागदाच्या शेपट्या चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसातून बाहेर पडताना मी जिन्यातच शर्टाच्या मागे हात फिरवून बघितला.