सबवूफरच्या गुणगुणीवर अर्थिंग तोडणे हा इलाज नव्हे

कोल्हापुरातल्या होम थिएटरच्या हौशी मंडळींत सध्या एक सल्ला फिरतो आहे: सबवूफर, म्हणजे खर्जाचे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, गुणगुणत असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, आणि खर्जाला दिशा नसतेच, तेव्हा तो खुशाल कोपऱ्यात सारा. यातला पहिला भाग जिवावर बेतणारा आहे, तर दुसरा अर्धाच खरा.

पिन काढल्यावर गुणगुण अनेकदा थांबते, म्हणूनच लोकांचा या उपायावर विश्वास बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्प्लिफायर एका सॉकेटवर आणि सबवूफर दुसऱ्यावर असला, की दोन्हींकडच्या अर्थिंगमधल्या किंचित फरकामुळे ॲम्प्लिफायरचा आवाज सबवूफरला नेणाऱ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या तारेच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तोच ५० किंवा १०० हर्ट्झचा आवाज होऊन घुमतो. पिन काढली की हे अर्थिंग आणि केबल मिळून झालेले वेटोळे तुटते खरे. पण आतली फेजची वायर सबवूफरच्या बाहेरच्या पत्र्याला टेकली, तर एमसीबी (बिघाड झाल्यास वीज तोडणारा स्विच) पाडणारा प्रवाहही त्याच पिनेतून जायचा असतो. ती नसेल तर तो भार बारीक आरसीए केबलवर येतो, आणि केबल निघालेली असेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या पेठांतल्या जुन्या घरांत, ओलसर फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा हात त्याला लागला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

त्यापेक्षा सबवूफर बंद करून त्याची आरसीए केबल काढावी आणि तो पुन्हा चालू करावा. गुणगुण तशीच राहिली तर दोष आतल्या ॲम्प्लिफायरचा. थांबली तर केबल परत जोडून सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर काढून पाहावी, कारण ती बाहेर दुसरीकडेच अर्थ झालेली असू शकते. तिचा संबंध नसेल तर सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावीत. एवढ्याने भागले नाही तर आरसीएच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा; तो आवाज पुढे जाऊ देतो, पण दोन्हींकडच्या तारांचा थेट जोड तोडतो.

राहिला कोपरा. साधारण ८० हर्ट्झखालच्या आवाजाची दिशा कानाला सहसा कळत नाही, हे मान्य. पण म्हणून जागेने फरक पडत नाही, असे नव्हे. १५ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ३८ हर्ट्झचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी फुगतो आणि मधोमध बसणाऱ्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. कोपऱ्यातला सबवूफर असे सगळेच सूर चेतवतो, त्यामुळे आवाज वाढतो, पण तो एकसारखा राहत नाही, आणि विटांच्या पक्क्या भिंतींत हा दोष अधिक जाणवतो. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवून ओळखीचे खर्जाचे संगीत लावावे, भिंतीच्या कडेने रांगत ऐकावे आणि जिथे प्रत्येक सूर सारखा व स्पष्ट येईल तिथे तो मांडावा.