काटक म्हणजे मजबूत नव्हे

आज संध्याकाळी मुलीची मराठीची वही चाळत असताना, 'काटक' या शब्दापुढे तिने लिहिलेले 'बारीक पण दमदार' हे उत्तर लाल शाईने खोडून त्या जागी 'मजबूत' असे लिहिलेले दिसले, आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

मजबूत दार असते, दोर असतो, हल्ली सरकारही असते. पण काटक भिंत कोणी पाहिली आहे काय? काटक असतो तो माणूस, नाहीतर जनावर. माणदेशच्या कोरड्या रानात निभावणारा खिल्लार बैल काटक, मराठ्यांच्या फौजेत दौडलेले भीमथडीचे तट्टू काटक. अंगावर मांस बेताचे, खाणे त्याहून बेताचे आणि तरीही दिवसभर ओढत राहण्याची ताकद, एवढे सगळे या तीन अक्षरांत आहे. दणकट माणूस पाहताक्षणी कळतो. काटक माणसाची ओळख पटायला दिवस मावळावा लागतो.

1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला गेली, तेव्हा तिची मनगटे पाहून मुकादमाने तिला परत जायला सांगितले होते. संध्याकाळी माप घेताना तिचा ढीग शेजारच्या गड्याच्या ढिगाला भारी भरला, तेव्हा तोच म्हणाला, "म्हातारी काटक हाय." आजी तेव्हा चाळिशीलाही पोचली नव्हती.

काटक शब्दाचे बळाशी नाते आहे आणि बाईंना वह्यांचे गठ्ठे तपासायचे असतात, हे मान्य. मग मुलीचे उत्तर तसेच ठेवले असते तर त्यांचे कष्टच वाचले असते!

मात्र लिहिता लिहिता माझा राग बाईंवरून सरकून आमच्याच घरावर आला आहे. आजीला काटक म्हणण्यात आम्हा सर्वांची मोठी सोय होती, कारण एकदा तसे म्हटले की ती जेवली का, हे कोणी विचारायचे कारण उरत नसे. वडील सांगतात की खडीच्या कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणी, पोरांना वाटून देई आणि पदराला चिकटलेला चुरा चिमटीने वेचून खाऊन वर तांब्याभर पाणी पिई. त्यावर सगळे घर कौतुकाने तिला काटक म्हणत असे.

आत्ता वही पुन्हा उघडून पाहिली. मुलीच्या उत्तरातला 'बारीक' हा शब्द तेवढा दोनदा खोडला आहे.