माशी कुठे शिंकली

देवगडकडच्या आमच्या घरी आजीची गोधडी बारा महिने चालू असायची आणि सुईत दोरा ओवण्याचं खातं माझ्याकडे होतं. "झिला, दोरो ओव बघया जरा," म्हणून ती सुई पुढे करायची. मी एका झटक्यात ओवून द्यायचो आणि वर 'यात काय आहे एवढं?' असा चेहरा करायचो. त्या चेहऱ्याची फेड मी सध्या कॉलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीत, मांडीभर पाण्यात उभा राहून करतो आहे.

डेन्व्हरला आल्यावर ऑफिसातल्या एकाने फ्लाय फिशिंगचं विचारलं, तेव्हा मला हसू आलं होतं. खाडीकाठचा माणूस मी, मला मासे पकडायला शिकवणार? आम्ही गरवायला जायचो तेव्हा सामान म्हणजे काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, गरी म्हणजे गळ आणि करवंटीत चार गांडुळं. गरी पलीकडच्या तीरावरूनही दिसेल एवढी. इथे मात्र आधी छातीपर्यंतची विजार चढवायची. ती घातली की माणूस शेतातून सुट्टीवर निघालेल्या बुजगावण्यासारखा दिसतो. मग परवाना. आणि गांडूळ? शिव शिव! पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची.

या माशीला वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. फेकायची ती जाड दोरी. माशी तिच्या मागून फुकटात जाते. काठी म्हणजे घड्याळाचा काटा समजून ती दहाच्या जागेपासून एकाच्या जागेपर्यंत पुढेमागे झुलवायची, एवढंच. पण माझे एकाचे नेहमी तीन वाजतात आणि मागे विलोची झुडपं असतात. माझ्या जितक्या माशा त्या झुडपांनी खाल्ल्या, तितक्या माशांनी खाल्ल्या नाहीत. (मराठीत 'माशांनी' म्हटलं की मासे की माश्या, ते कळत नाही. नदीत मलाही कळत नाही.)

त्यात मी निवडली चीझमन कॅन्यन, याच नदीची दरी. वर 1905 साली बांधून झालेलं धरण आहे, त्याच्या तळातून बर्फासारखं गार, काचेसारखं नितळ पाणी येतं. पुढे तेच पाणी डेन्व्हरच्या नळांना. अशा पाण्यात मोठे किडे कमी, चिलटंच फार. इथला मासा म्हणजे ट्राउट, तो दिवसभर त्या चिलटांच्या अळ्या टिपत बसतो. शिवाय इथला नियम असा, की पकडलेला प्रत्येक ट्राउट परत पाण्यात सोडायचा. (हे मी गावी कळू दिलेलं नाही.) म्हणजे इथला मासा पाचसात वेळा फसून पदवीधर झालेला. तो माझी माशी बघतो, हातभर तिच्यामागे येतो आणि कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणणाऱ्या मंडळींसारखा माघारी फिरतो. यातला ब्राउन ट्राउट 1883 मध्ये अंड्यांच्या रूपाने जर्मनीहून अमेरिकेत आला, रेनबो पॅसिफिककडचा. इथला मूळ रहिवासी तो कटथ्रोट. आमच्यासारखेच ब्राउन नि रेनबो दोघेही बाहेरचे, फक्त त्यांना ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही.

तर अशा माशाला हवी बावीस नंबरची माशी. गळाचा नंबर जसा वाढतो तसा गळ लहान होत जातो, हा यांचा न्याय. बावीस नंबर म्हणजे आंबेमोहोर तांदळाचा दाणा, आणि त्या दाण्याला एक भोक. त्यात ओवायचं शेवटचं तंगूस असतं 'सिक्स एक्स'. त्याची जाडी काढायला अकरातून सहा वजा करा, उरले पाच: इंचाच्या हजार भागांतले पाच. हे गणित मला येतं. ते तंगूस दिसत नाही, एवढीच अडचण.

परवा दुपारी माझी चाळिशी गाडीत राहिली. गाडी डोंगरापलीकडे, गिल ट्रेलची वाट अर्ध्या तासाची. मी माशी आकाशाकडे धरली. हात लांब केला, मग आणखी लांब, हात संपला. ग्रॅनाइटच्या खडकासमोर धरून पाहिलं. तंगूस थुंकीने ओलं केलं, अगदी आजी करायची तसं. अंदाजाने टोचलं तर बोटात गेलं. आणि माझ्या चहूबाजूंनी टप्, टप् असे मासे वर येत होते, जेवणं चालली होती. तेवढ्यात वारा आला आणि माशी नदीत पडली. म्हणजे जिथे जायची होती तिथेच गेली, फक्त माझ्याशिवाय. दुसरी काढली. तिला भोक होतं की नव्हतं, हेही सांगता येईना.

काठावरच्या खडकावर माझी अकरा वर्षांची मुलगी चिवडा खात बसली होती. तिला मासेमारीत रस नाही. सोळाच्या आतल्यांना परवानाही लागत नाही, डोळेही नवे कोरे, आणि ती बसलीय दाणे वेचत!

"बाबा, वीस मिनिटं झाली. दे इकडे."

तिने एका झटक्यात ओवलं. तंगुसाचे पाच वेढे, टोक परत फाशातून, थुंकी लावून गाठ घट्ट. आणि मग तो चेहरा केला. तोच. आजीच्या गोधडीवरून उडी मारून तो माझ्यामार्गे हिच्यापर्यंत कसा पोचला, देव जाणे.

मी पुन्हा पाण्यात उतरलो. दहा वाजले, एक वाजला आणि चुकून एकच वाजला. माशी खडकाच्या कडेने वाहत गेली. पाण्याला एक वळी पडली, काठी वाकली, आणि खाडीतला माझा जुना हात जागा झाला. तिकडे गरी बसली की हिसडाच मारायचा असतो. मी मारला.

सिक्स एक्सला हिसडे चालत नाहीत.

मासा गेला, बावीस नंबर त्याच्या ओठात गेला. माझ्याकडे उरलं ते कुरळं झालेलं टोक. ते चिमटीत धरून मी खडकाकडे निघालो. मुलीने मला येताना पाहिलं आणि काही न बोलता चिवड्याचे हात पँटला पुसले.