माकडं मारून माकडताप थांबत नाही

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-सावंतवाडीकडे एक मेसेज मोबाइलवर फिरू लागतो: माकडताप माकडं देतात, म्हणून दिसतील तिथे मारा, साथ बंद होईल. हे ऐकून कुणी वागलं तर त्याच्याच जिवावर बेतेल.

माणसाला हा ताप देते ती गोचीड. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, गावकरीही तापाने फणफणले, आणि रोगाला माकडाचं नाव चिकटलं. विषाणू मात्र रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात वर्षानुवर्षं फिरत राहतो. गोचिडीची पिल्लं अगदी बारीक. पातेरा म्हणजे वाळलेला पाला गोळा करताना, काजू बी वेचताना अंगावर चढतात, चावलेलं कळतही नाही. 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये दोडामार्गात हा ताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसंच आजारी पडली.

आजारी माकडाचं रक्त पिऊन गोचिडी विषाणू घेतात, एवढं त्या मेसेजमधलं खरं. पण लाल तोंडाची माकडं काय, काळ्या तोंडाची वानरं काय, दोघंही या तापाने स्वतःच मरतात.

आता मारण्याचं. माकड मेलं की थंड पडलेल्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आसपास पसरतात. बागेत गोळी घालून पाडलेलं आजारी माकड म्हणजे त्या गोचिडी आपल्याच पायांखाली आणून सोडणं. म्हणूनच मेलेलं माकड सापडलं की त्या जागेभोवती 50 मीटरपर्यंत कीटकनाशक पावडर मारतात. साथीची पहिली खबर बहुधा त्या मेलेल्या माकडाकडूनच मिळते. माकडंच उरली नाहीत, तर ती खबर पहिल्या आजारी माणसाकडून मिळेल.

नारळ-केळीच्या नुकसानीने शेतकरी चिडतो, ते रास्तच आहे. त्यासाठी भरपाई मागावी, भांडावं. त्या भांडणात माकडतापाचं निमित्त आणू नये.

माणसाकडून माणसाला हा ताप लागतो, हेही खोटं. आजाऱ्याला वाळीत टाकू नका.

मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा. रानात जाऊन आल्यावर आठवड्याभरात जोराचा ताप आला, डोकं-अंग ठणकू लागलं, तर डॉक्टरांना आधी सांगा की तुम्ही रानात गेला होता.