नळी काढली, पुढे काय?

शस्त्रक्रिया गुडघ्याची होती, त्यामुळे त्रास झालाच तर चालण्याचा होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे माझे सारे लक्ष गुडघ्यापेक्षा खाटेपासून संडास किती पावलांवर आहे याकडेच असे.

सुरुवात रुग्णालयातच, लघवीची नळी काढली तेव्हा झाली होती. सिस्टरने सिरिंजने फुग्यातले पाणी ओढून घेतले (नळीच्या आतल्या टोकाला साधारण 10 मिलिलीटर पाण्याचा फुगा असतो आणि त्याच्यामुळे ती मूत्राशयात टिकते, हे मला तेव्हा कळले), नळी काढली आणि "लघवी झाली की सांगा" एवढे म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. दुपारी त्यांनी विचारले तेव्हा मी "थोडी झाली" असे सांगितले. ते खोटे नव्हते, थेंब थेंब होतच होती, पण ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले होते आणि त्याविषयी मी अवाक्षर काढले नाही. संध्याकाळी सोनोग्राफीत मूत्राशयात 700 मिलिलीटर लघवी तुंबलेली दिसली आणि नळी पुन्हा घालावी लागली.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे 400 ते 500 मिलिलीटर लघवी मावते. पाठीत दिलेल्या भुलीने आणि मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांनी लघवीची जाणीव आणि स्नायूंची ताकद दोन्ही मंदावतात. त्यात मूत्राशय फार ताणले गेले, तर तो स्नायू सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा काही काळ आकसतच नाही. अशा वेळी थेंब थेंब होणारी लघवी हे बरे होण्याचे लक्षण नसून भांडे भरून वाहू लागल्याची खूण असू शकते.

घरी आल्यावर नेमके उलटे झाले. लघवी लागली की आवरेना. एका रात्री वॉकर टेकत मी ओला पायजमा गुपचूप पिळून वाळत घातला आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणे कमी केले, हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा. पाणी कमी झाले की लघवी दाट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठता होते आणि ती मूत्राशयावर दाब आणते. डॉक्टरांनी लघवी तपासून संसर्ग नसल्याची खात्री केली आणि मला वेळांची वही ठेवायला लावली. घाई झाली की धावत न सुटता बसून राहायचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चार-पाच वेळा आवळायचे, कळ ओसरली की उठायचे आणि दोन खेपांमधले अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. हे स्नायूंचे व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडले. ज्यांची लघवी तुंबते, त्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

माझी तक्रार डिस्चार्ज कार्डाबद्दल आहे. टाके, गोळ्या, गुडघा किती वाकवायचा हे सारे त्यात होते, लघवीबद्दल एक ओळही नव्हती. सहा तासांत लघवी झाली नाही, ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले तर लगेच या, एवढे लिहायला कितीशी जागा लागते? आणि नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून "आज हिची गरज आहे का?" हे रुग्णाच्या नातेवाइकांनीही रोज विचारायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्यांची तशीच शस्त्रक्रिया झाली. भेटायला आलेले सगळे त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत होते. मी खुर्ची जवळ ओढून "लघवी नीट होते ना?" असे विचारले, तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग अर्धा तास ते त्याविषयीच बोलत राहिले.