चौथ्या मजल्यावर मिरची वाळत नाही

सकाळपासून गल्लीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतोय. तुम्हीही बघितला असेल. आमच्या पेठेचं 'रूप पालटणार' म्हणून कुणा बिल्डरने करून घेतलाय. वरून कॅमेरा खाली येतो, काचेच्या इमारती दिसतात, झाडं, झाडांखाली बाकडी आणि बाकड्यांवर कुठल्या मुलखातली कुणास ठाऊक माणसं. रस्त्यावर एक म्हैस नाही, एक हातगाडी नाही, तालमीच्या कट्ट्यावर एक पोरगं नाही. मुळात तालीमच नाही! आणि शेवटी हिरव्या अक्षरात 'सस्टेनेबल'.

त्याखाली आपल्यातल्याच एकाने लिहिलं, "किती दिवस पडक्या वाड्यांत राहायचं? कोल्हापूरला पुढं जायचंय का न्हाई?" त्याला लोकांनी अंगठे दिले. तेव्हापासून डोकं फिरलंय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते आमच्या दारात आलं असतं, म्हणून इथे लिहितेय.

मी सीएच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद बघायचे. त्यामुळे असला व्हिडिओ बघितला की मला झाडं दिसत नाहीत. मला प्रश्न पडतो की दहा-पंधरा वर्षांनी ही लिफ्ट बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे कोण भरणार.

माझ्या आत्याची गोष्ट जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे, तरी परत सांगते. आत्या वाड्यात भाड्याने राहायची. पुढे सोपा म्हणजे ओसरी, आत दोन खोल्या, मध्ये सगळ्यांचा चौक. उन्हाळा लागला की चौकात जुनी लुगडी अंथरून मिरच्या वाळत पडायच्या, संकेश्वरी एकीकडे, ब्याडगी दुसरीकडे. देठ खुडायला गल्लीतल्या बायका यायच्या, त्यांना दिवसाची मजुरी मिळायची. मिरची कुटायचा डंक समोरच्या बोळातच. खोबरं-तीळ-लसूण भाजायला घेतलं की अख्खी गल्ली खोकायची आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही, कारण निम्म्या गल्लीची चटणी तिथूनच जायची. खानावळवाले न्यायचे, पुण्यात पोरं असलेल्या आया न्यायच्या. त्या चटणीवर तिने दोन पोरं शिकवली.

मग वाडा पाडला. आत्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, स्वतःच्या नावाचा. आम्ही पेढे वाटले. घरात संडास आला, हे खरं, आणि त्या एका गोष्टीसाठीच तिने सही केली होती, तेव्हा त्यावर मी काही बोलणार नाही.

पण गच्चीला कुलूप. बाल्कनीत ऊन येतं ते सकाळचं तासभर. चटणी भाजायला घेतली की शेजारचे दार वाजवणार, "काकू, बाळाला ठसका लागतोय." डंक त्याच प्रकल्पात गेला. आणि दर महिन्याला मेंटेनन्स! पूर्वी तिचं घर तिला पैसे मिळवून द्यायचं, आता घरच तिच्याकडे पैसे मागायला लागलं. कागदावर आत्या लाखांची मालकीण आणि हातात भाजीलाही मोजून पैसे. शेवटी फ्लॅट विकला. आता पाचगावला धाकट्याकडे असते.

बिल्डरच्या हिशेबात हा प्रकल्प यशस्वी झाला. महापालिकेच्या हिशेबातही. चौकात वाळणाऱ्या मिरचीला किंमत लावायचा रकानाच कुणाच्या वहीत नाही, तर तोटा दिसणार कुठून?

बरं, कबूल. काही वाडे खरोखर पडायला आलेत. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात त्या काही गंमत म्हणून नाही. आणि जुन्या भाड्यात मालकाला कौलंसुद्धा बदलता येत नाहीत, हेही मान्य. झालं समाधान?

पण मग जे वाडे नीट उभे आहेत, ज्यांची फक्त एक तुळई कुजलीय किंवा एक भिंत फुगलीय, तेही त्याच यादीत का? कारण सरळ आहे. पाडण्यात पैसा आहे, दुरुस्तीत नाही. आणि हे आपोआप झालेलं नाही, आपल्या नियमांनीच तसं करून ठेवलंय. माझं रोजचं काम म्हणून सांगते. आयकराची जुनी पद्धत निवडली आणि नवीन घरासाठी कर्ज काढलं तर राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. तेच कर्ज दुरुस्तीसाठी काढलं तर 30 हजार. फक्त. बांधकाम चालू असलेल्या साध्या फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के, आणि तुम्ही नोंदणी असलेल्या कंत्राटदाराकडून घर दुरुस्त करून घेतलं तर बिलावर 18 टक्के. म्हणजे जो माणूस आहे ते सांभाळतो त्याला दंड, आणि वरून पर्यावरणावर भाषणं आपणच ऐकायची.

महापालिकेचंही तेच. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. आता घरफाळा, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि सरकार देईल ते. अशात नगररचना विभागात वाढीव एफएसआयचं, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीचं, प्रीमियम जमा झालं की सगळ्यांना बरं वाटतं. पण प्रीमियम एकदाच येतं. त्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या बारा मजल्यांना पाणी, ड्रेनेज, कचरा, अग्निशमनची उंच शिडी हे कायमचं द्यायचं असतं. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन आठवा. किती वर्षं आंदोलनं केली, 2023 च्या दिवाळीत एकदाचं पाणी आलं. आता पंपांचं वीजबिल दर महिन्याला आहेच की. बांधायला निधी मिळतो. चालवायला कुणी देत नाही.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं हो. आपण टोल बघितलाय! रस्ते 220 कोटींचे, महापालिकेकडे पैसे नाहीत, मग खासगी कंपनी आणा, तीस वर्षं टोल घ्या. काय झालं? गाव रस्त्यावर उतरलं, नाकी जळाली, 2015 च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. जिंकलो म्हणून गुलाल उधळला आपण. कंपनीचे पैसे सरकारने भागवले, म्हणजे ते परत आपल्याच खिशातून गेले. त्या लढ्याचा मला अभिमान आहे, पण आपण शिकलो काय? फुकट काहीच नसतं, आज ना उद्या कुणीतरी भरतं, आणि बहुतेकदा ज्याला विचारलेलं नसतं तोच भरतो. आत्याला कुणी विचारलं होतं, मेंटेनन्स झेपेल का म्हणून?

राग येतोय म्हणून आणखी एक. पंचगंगा नदीकडच्या बाजूला भराव टाकून जे चाललंय ते. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 आहे. व्हीनस कॉर्नरला पाणी, शाहूपुरीत पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद. आणि पाडलेल्या वाड्यांचा राडारोडा कुठं जातो? रात्री ट्रॉली कुठं रिकामी होते ते बघा एकदा. आधी पाडायचं, मग त्याच मातीने नदीची जागा भरायची, मग त्या भरावावर 'रिव्हर व्ह्यू' विकायचं, आणि पूर आला की बोटी आपल्या तालमींच्या पोरांनी काढायच्या.

कुणीतरी म्हणेलच, नवीन इमारतीत सोलर असतं, पावसाचं पाणी मुरवतात. असेल. पण जुना वाडा उभा करायला जे जळायचं ते केव्हाच जळून गेलंय. नवीन सिमेंट करायला चुनखडी भाजावी लागते, त्यातूनच कार्बन बाहेर पडतो. जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचाच वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात सांगतात. छतावरचं सोलर ते कधी फेडणार?

आणि दुरुस्तीतला पैसा कुठं जातो तेही बघा. आमच्या घराचं मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची बाजू, आम्ही दुरुस्तीला उतरवली तेव्हा सामानापेक्षा मजुरी जास्त झाली. आई कुरकुरत होती. पण ती मजुरी गेली कुठं? सुतार मंगळवार पेठेतला, गवंडी वाशी नाक्याजवळचा. लाकूड टिंबर मार्केटातून. पैसा गावातल्या गावात फिरला. बारा मजल्यांच्या इमारतीत लोखंड बाहेरचं, लिफ्ट बाहेरची, टाइल्स मोरबीच्या, आणि नफा कुठल्या शहरात जातो ते तुम्हीच बघा.

आता जरा शांत होते.

शाहू मिलचा विषय निघाला की मला नेहमी मुंबई आठवते. 1906 ची आपली कापडगिरणी, 2003 ला बंद झाली, ऐन शहरात 27 एकर. मुंबईतही गिरण्यांच्या जमिनींसाठी 1991 ला नियम झाला होता: जमिनीचे तीन वाटे, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती छान. 2001 ला नियम बदलला आणि वाटणी फक्त मिलमध्ये आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. पुढे काय झालं, ते मॉल आणि टॉवर, लोअर परळला जाऊन बघा. आपल्या मिलची जागा अजून सरकारी आहे, शाहू महाराजांच्या स्मारकाची घोषणा आहे, आणि 2022 ला त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात लोकांनी तिथली प्रदर्शनं बघितली. त्या दगडी भिंती, ती उंच छपरं. तिथे पाडायचं काहीच नाही. स्मारक करा, पण निम्म्या शेडमध्ये चप्पल करणारे, चांदीवाले, चटणीवाल्या बायका बसू देत ना परवडेल अशा भाड्याने. ज्या राजाने 1895 ला शाहूपुरी वसवली ती गुळाचा बाजार चालावा म्हणून, त्याच्या स्मारकात धंदा चालला तर त्याला वाईट वाटणार आहे का?

केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला जळालं त्या रात्री आपण सगळे कसे झालो होतो आठवतंय? 1915 चं थिएटर. कुणीही म्हणालं नाही की बरं झालं, आता इथे कॉम्प्लेक्स काढू. सगळ्यांच्या तोंडी एकच, होतं तसं उभं करा. म्हणजे आपल्याला कळतं. जळाल्यावर कळतं, एवढंच.

अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याला 2025 च्या मे महिन्यात मंजुरी मिळाली, 1445 कोटी. गर्दी आहे, भाविकांचे हाल होतात, पार्किंग नाही, सगळं खरं. माझा विरोध नाही. पण त्या परिसरात राहणारे आणि दुकानं चालवणारे विचारतायत की आम्ही कुठं जायचं, तर त्यांना 'विकासाचे विरोधक' म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं दुकान पाच किलोमीटर लांब नेऊन दाखवावं. ओटी-नारळ विकणाऱ्या बाईला नुकसानभरपाई म्हणून गाळा दिला, आणि गाळ्यासमोरून भाविकच जात नसेल, तर तो गाळा काय चाटायचाय?

परवा आत्याकडे गेले होते. पाचगावच्या घराला पुढे थोडं अंगण आहे. तिने किलोभर मिरची वाळत घातली होती, फक्त घरापुरती. मी म्हटलं, आता जागा आहे तर परत सुरू कर. म्हणाली, "कुनासाठी गं? गिऱ्हाईक पेठेत ऱ्हायलं." देठ खुडायला मदत केली आणि येताना पाव किलो चटणी घेऊन आले, पैसे घेतले नाहीत तिने.

तर ग्रुपवरच्या त्या दादाला सांगायचंय, राग नको. रविवारी तालमीत बैठक आहे, बिल्डरचा माणूस येणार आहे. मी जाणार. पाच वर्षांनंतरचा मेंटेनन्स किती आणि तो कुणी भरायचा, तळमजल्यावर आजचे धंदे आजच्या भाड्यात परत येणार का, आणि राडारोडा कुठं टाकणार, एवढं लेखी मागणार. तोंडी नको. बायकांनीही या, तालीम आहे म्हणून बाहेर उभ्या राहू नका.

आणि चुन्याचं काम येणारा कुणी गवंडी माहीत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. आमच्या मागच्या भिंतीला पावसाआधी हात लावायचाय, आणि जो येतो तो सिमेंटच म्हणतो.