"बॉर्डरला आहे, काही नाही"

मार्चमध्ये माझ्या दादाला हार्ट अटॅक आला. वय ४८. रात्री अकराच्या सुमारास जबडा आणि डावा खांदा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. तो मात्र म्हणत राहिला, संध्याकाळी वडापाव खाल्ला, अ‍ॅसिडिटी असेल. वहिनीने ऐकलं नाही. शेजारच्यांना उठवून, त्यांच्या गाडीत घालून तिने त्याला भांडुपहून थेट हॉस्पिटलात नेलं. स्टेंट बसला. दादा आज घरी आहे, यासाठी मी वहिनीची जन्मभर ऋणी राहीन.

पण लिहायचंय ते त्याच्या फाईलबद्दल. मेडिक्लेमसाठी जुने कागद काढताना ती कपाटात सापडली. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचे तीन वर्षांचे रिपोर्ट, एकाखाली एक, नीट लावलेले. शेवटच्या वर्षीचे आकडे असे: बीपी १३८/८८, उपाशीपोटीची साखर ११२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३४. दादाला विचारलं, तर म्हणाला, "अगं, सगळं बॉर्डरला होतं. गोळी लागेल असं काहीच नव्हतं."

हा "बॉर्डर" शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही.

कारण त्या फाईलमधला एकेक आकडा सुटा पाहिला तर खरंच फार भयंकर वाटत नाही. एकत्र पाहा. बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, आणि कंबरेचा घेर. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पोटातल्या अवयवांभोवती चरबी साठते, इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो, यकृत जास्त ट्रायग्लिसराइड्स बनवायला लागतं, एचडीएल घटतं, साखर आणि बीपी हळूहळू चढतात. म्हणजे या पाच वेगळ्या तक्रारी नाहीतच, बिघाड एकच आहे. दादाच्या रिपोर्टात चार खुणा छापलेल्या होत्या. पाचवी कुणी मोजलीच नव्हती.

ती मी मोजली, माझ्या शिवणाच्या टेपने. ९८ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० ची आहे, बायकांसाठी ८० ची. दादाचा विश्वासच बसेना, कारण तो वर्षानुवर्षं ३४ ची पँट घालतो. पण पँट बसते सुटलेल्या पोटाच्या खाली! घेर मोजायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. वजनकाट्यावर ठीक दिसणारी कितीतरी माणसं इथे सापडतात. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी शरीरयष्टी घरोघरी आहे. म्हणूनच बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची मर्यादाही आपल्यासाठी २५ नाही, २३ धरतात.

बीपीबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. ऑफिसच्या तपासणीत रांगेत उभं राहायचं, खुर्चीत टेकल्या टेकल्या पट्टा बांधायचा, हात लोंबकळलेला, मधेच नाव-वय विचारणं चालू. अशाने आकडा वर जातो, आणि मग आपणच म्हणतो, "ट्रेनमधून धावत आलोय, म्हणून वाढलं असेल." असेलही. पण मग घरी नीट मोजायला नको का? लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा नको, सिगारेट तर नकोच. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाने पुन्हा मोजायचं. घरच्या मशीनवर आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा वर आली, तर डॉक्टरांकडे जायचं, वही घेऊन.

कोलेस्ट्रॉलचं थोडक्यात. रिपोर्टात शेजारी छापलेली "नॉर्मल" मर्यादा सगळ्यांना सारखी नसते. दादाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, १२८ होतं. आता त्याचे डॉक्टर ते ५५ च्या खाली हवं म्हणतात, कारण एकदा अटॅक येऊन गेलाय. शिवाय लिपोप्रोटीन ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण) याची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी. ती पातळी बहुतांशी आनुवंशिक असते, पथ्याने फारशी हलत नाही, आणि दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे आणखी काटेकोर ठेवावे लागतात.

हे सगळं तिशी-चाळिशीतच बघायला हवं. २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. आणि अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका मोजता येण्याजोग्या, बदलता येण्याजोग्या नऊ गोष्टींशी जोडलेला निघाला. मला हे वाचून आधी रडू आलं, मग राग आला. तीन वर्षं ते कागद आमच्याच कपाटात होते.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला, तर तो आपल्याही खात्यात धरतात. म्हणजे आता माझ्याही. धाकट्याच्या वेळी मला गरोदरपणातला मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर साखर उतरली आणि मी तो विषय विसरले. त्यानेही पुढे हृदयाचा धोका वाढतो, हे मला ४४ व्या वर्षी कळलं. मैत्रिणींनो, गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, वीस वर्षं झाली असली तरी.

दादाचं बीपी आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलं जातं. गेल्या रविवारी त्याचं मोजून झाल्यावर मी पट्टा वहिनीच्या दंडाला बांधला. ती "माझं कशाला, आधी पोळ्या होऊ देत" म्हणत होती. पाच मिनिटं बसवून दोनदा मोजलं. १४६/९२, मग १४४/९०. कंबर ९१. रोज दादाचं पथ्य सांभाळणाऱ्या या बाईचं बीपी शेवटचं तिच्या बाळंतपणात मोजलं होतं, १९ वर्षांपूर्वी. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजतोय, कालनिर्णयवर तिचा वेगळा रकाना केलाय. सोमवारी मी सुट्टी टाकली आहे, तिला घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे.